शिस्तीचा माणूस महासाथीत का खचला? स्वभाव, हातातली सूत्रं आणि ताण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही शिस्तीचे, प्रत्येक गोष्ट आधी ठरवून करणारे. करोनाच्या काळात घरातली सगळी काळजी तुम्हीच वाहिलीत, आणि पहिल्या काही महिन्यांतच झोप उडाली, चिडचिड वाढली, छातीत धडधडायला लागलं. धाकटा भाऊ त्याच घरात ‘व्हायचं ते होईल’ म्हणत शांत राहिला. आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं मानणाऱ्यांना ताण कमी येतो, हे तुम्ही अनेक ठिकाणी वाचलंय. मग तुमच्या बाबतीत उलटं का झालं, तुमचा स्वभाव मुळातच कमकुवत आहे का, आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं, असं तुम्ही विचारता.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला आतून कुरतडत असावा. तुमचा स्वभाव कमकुवत नाही. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. महासाथीत माझ्याकडे आलेल्यांमध्ये अशी माणसं पुष्कळ होती, ज्यांनी त्याआधी कधी कोणाकडे मदत मागितली नव्हती. अडचणीच्या वेळी बाकीचे ज्यांच्याकडे धाव घेतात, ती ही माणसं. आजवरची सगळी संकटं त्यांनी एकाच उपायाने निभावली होती: जास्त कष्ट, जास्त तयारी, जास्त लक्ष. तो उपाय इथे लागू पडेना, आणि दुसरा वापरायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आता ‘सूत्रं आपल्या हातात’ या कल्पनेकडे येऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये ती पद्धतशीर मांडली. आपल्या आयुष्यात जे घडतं ते आपल्या वागण्यामुळे घडतं, असं काहीजण मानतात. काहींना ते दैव, योगायोग किंवा वरचढ माणसांच्या हातात वाटतं. पहिल्यांचं नियंत्रणस्थान अंतर्गत, दुसऱ्यांचं बाह्य. रॉटर यांनी विधानांच्या २९ जोड्यांची एक प्रश्नावलीही तयार केली होती. प्रत्येक जोडीतलं एक विधान निवडायचं. पुढे अंतर्गत म्हणजे चांगलं आणि बाह्य म्हणजे वाईट, असा सरधोपट समज पसरला. खुद्द रॉटर यांना तो खटकला होता आणि १९७५ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही. पण तो समज टिकून राहिला. तुम्ही वाचलेलं बहुतेक त्याच वळणाचं असणार.

रॉटर यांच्या मांडणीतली एक गोष्ट महासाथीला फार नेमकी लागू पडते. ओळखीच्या परिस्थितीत माणूस त्या परिस्थितीच्या अनुभवावर चालतो. परिस्थिती अगदी नवी आणि धूसर असली, की हाताशी अनुभव नसतो; मग तो आपल्या सर्वसाधारण समजुतींवर विसंबतो. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी करोनाला महासाथ म्हटलं, तेव्हा आजार नवा होता, नियम नवे होते आणि पुढचा महिना कसा असेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे ज्याचा जो स्वभाव तो त्या काळात अधिकच ठळक झाला. प्रयत्नांवर श्रद्धा असलेल्यांनी प्रयत्न दुप्पट केले आणि आधीपासून हताश असलेल्यांनी हात टेकले.

‘हातात काहीतरी आहे’ ही भावना ताण हलका करते, हे खरंच आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे १९७०च्या सुमाराचे प्रयोग यासाठी नेहमी सांगितले जातात. लोकांना एका खोलीत बसवून मोठा, अवेळी येणारा गोंगाट ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं: अगदीच सहन झालं नाही तर दाबा, गोंगाट थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे गोंगाट सगळ्यांनी सारखाच सोसला. तरीही नंतर दिलेली न सुटणारी कोडी बटणवाले जास्त वेळ चिकाटीने सोडवत बसले आणि मुद्रितशोधनात त्यांच्या चुका कमी झाल्या. बटण आहे, एवढ्या माहितीनेच फरक पडला होता. टाळेबंदीने लोकांची अशी कितीतरी न दाबलेली बटणं काढून घेतली. हवं तेव्हा बाहेर पडता येईल, आईवडिलांकडे जाता येईल, नोकरी बदलता येईल, डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवता येईल. रोज यातलं काही कोणी करत नव्हतं, पण करता येईल हा आधार होता. ‘मी तर तसाही घरीच असायचो, मग मला का त्रास झाला?’ असं विचारणाऱ्यांना मी हाच प्रयोग सांगतो.

इथे एक खबरदारी. ताण मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केली. गेल्या महिन्याभरात आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, असा प्रश्न तिच्यातच आहे. म्हणजे नियंत्रण कमी वाटणं हा तिथे ताणाच्या व्याख्येचाच भाग आहे. मग ‘नियंत्रणाची भावना कमी तर ताण जास्त’ असा निष्कर्ष एखाद्या पाहणीतून निघाला, तर त्यातलं थोडंफार नातं मोजमापातूनच आलेलं असतं. स्वभावाचंही तसंच: काळजी करण्याचा कल मोजणारे प्रश्न आणि चिंतेची लक्षणं मोजणारे प्रश्न अनेकदा सख्खे शेजारी असतात. निष्कर्ष खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण ‘अमुक स्वभावाचा म्हणून तू आजारी पडलास’ असं एखाद्याच्या तोंडावर सांगण्याइतके ते भक्कम नाहीत, आणि महासाथीत असं तोंडावर सांगितलं गेलेली माणसं मला भेटली आहेत.

तुमच्या प्रश्नाचा गाभा पुढच्या मुद्द्यात आहे. नियंत्रण किती वाटतं, याच्याइतकंच ते कशावर वाटतं हे महत्त्वाचं असतं. ग्लेन ॲफ्लेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सांधे आतून झिजवणारा, कधी उसळणारा तर कधी शमणारा हा आजार. ज्यांचा आजार तीव्र होता त्यांच्यात दोन वेगळी चित्रं दिसली. रोजच्या लक्षणांवर, म्हणजे आजच्या वेदनेवर आणि आखडलेपणावर, आपलं काही चालतं असं ज्यांना वाटत होतं त्यांची मनःस्थिती बरी होती. आजाराची एकूण वाटचालच आपल्या हातात आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांची मनःस्थिती जास्त बिघडलेली होती. कारण उघड आहे. वाटचाल माझ्या हातात असेल, तर आजार बळावला की दोषही माझाच.

तुमचे ते महिने या नजरेने पाहा. हात धुणं, मास्क लावणं, अंतर ठेवणं, लक्षणं दिसली की वेगळं राहणं, लस आल्यावर ती घेणं, हे तुमच्या हातात होतं. घरातल्या कोणालाही लागण होणार नाही, हे नव्हतं. हवेतून पसरणाऱ्या, लक्षणं दिसण्याआधीच दुसऱ्याला लागणाऱ्या विषाणूच्या बाबतीत ते कोणाच्याच हातात नव्हतं. तुमच्यासारखा माणूस जबाबदारी घेतो ती कृतीची घेत नाही, निकालाची घेतो. ‘मी काळजी घेईन’ हे वाक्य मनात नकळत ‘मी काही होऊ देणार नाही’ असं होऊन बसतं. मग प्रत्येक खोकला ही तुमची परीक्षा होते. कोणाला लागण झालीच, तर आजाराच्या काळजीवर अपराधीपणाचा बोजा चढतो. घरात आपल्यामुळे लागण आली या भावनेने पिळून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी घ्यायची ती सगळी काळजी घेतली होती. त्यांचं दुःख मला फार जवळून माहीत आहे, आणि तेवढ्यासाठीच हे उत्तर लांबलं तरी चालेल असं मला वाटतं.

स्वभावाच्या बाजूने पाहिलं, तर मानसशास्त्रात सध्या पाच मोठे गुणविशेष धरले जातात: भावनिक अस्थिरतेचा कल (याला न्यूरोटिसिझम म्हणतात), बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्या अनुभवांबद्दलचं खुलेपण. प्रत्येकात हे पाचही असतात, प्रमाण वेगळं.

ताणाशी सर्वांत घट्ट नातं न्यूरोटिसिझमचं. ज्याच्यात ते जास्त, त्याच्या मनाला धोका लवकर दिसतो, मोठा दिसतो आणि धोका टळल्यावरही मन शांत व्हायला वेळ लागतो. एरवीच्या आयुष्यात घरचे अशा माणसाला ‘उगाच काळजी करतोस’ म्हणतात. महासाथीत काळजी उगाच नव्हती, त्यामुळे पहिल्या टप्प्यात अशा काहींना थोडं हायसंही वाटलं: आता सगळं जग आपल्यासारखंच घाबरलंय. त्रास वाढला तो नंतर, बाकीचे पूर्वपदावर येऊ लागले तेव्हा. या कलाचा एक पैलू वेगळा सांगायला हवा: अनिश्चितता सहन न होणं. वाईट बातमी चालेल, पण ‘माहीत नाही’ चालणार नाही, असं काही मनांचं असतं. चाचणीचा अहवाल येईपर्यंतचे तास त्यांना अहवालापेक्षा जड जातात. माझ्या अनुभवात महासाथीतल्या चिंतेचं सर्वांत मोठं इंधन हेच होतं, आजाराच्या भीतीपेक्षाही मोठं.

कर्तव्यदक्षता हा तुमचा गुण. एरवी तो ताणापासून वाचवतो: औषधं वेळेवर घेतली जातात, पैसे जपून वापरले जातात, नियम पाळले जातात. पण प्रयत्न आणि फळ यांची साखळी तुटली की याच गुणाला धार येते. क्रिस्टोफर बॉइस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जर्मनीतल्या हजारो लोकांची काही वर्षांची माहिती तपासली. नोकरी जाऊन दीर्घकाळ बेकार राहिलेल्यांमध्ये, अधिक कर्तव्यदक्ष माणसांचं आयुष्याबद्दलचं समाधान इतरांपेक्षा जास्त कोसळलेलं आढळलं. तो अभ्यास बेकारीचा होता, साथीचा नव्हे. पण तुमच्यासारख्यांची अवस्था समजून घ्यायला मला त्याचा फार उपयोग झाला. कष्ट करणाऱ्याला कष्टाने सुटत नाही असा प्रश्न समोर आला, की तो कष्ट वाढवतो. पुसलेलं पुन्हा पुसतो. तिसऱ्यांदा खात्री करतो. नियम न पाळणाऱ्या शेजाऱ्यावर, सहकाऱ्यावर आणि सख्ख्या भावावर चिडतो, कारण नियमांवरच त्याच्या जगाची मांडणी उभी असते. तुमची चिडचिड त्यातली असावी. ती दुष्टपणाची नव्हती, हे घरच्यांना आता सांगायला हरकत नाही.

बाकीच्या गुणांचं थोडक्यात. बहिर्मुख माणसांना माणसांचा सहवास हेच औषध असतं आणि टाळेबंदीने तेच काढून घेतलं. पण अंतर्मुख माणसं मजेत होती हे सरसकट खरं नाही, कारण एकांत स्वतः निवडणं वेगळं आणि लादला जाणं वेगळं. शिवाय गच्च भरलेल्या घरात अंतर्मुखाला एकांत मिळालाच कुठे? जुळवून घेणाऱ्यांनी सगळ्यांचं ओझं उचललं आणि स्वतःबद्दल शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही. अशी माणसं उशिरा येतात आणि खूप थकून येतात. खुलेपणाने काहींना नवे छंद आणि कामाच्या नव्या पद्धती दिल्या.

माहितीच्या भुकेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. संकटाच्या वेळी काहीजण मिळेल ती माहिती गोळा करतात, काहीजण ती टाळून मन दुसरीकडे वळवतात. सुझान मिलर यांनी १९८०च्या दशकात या दोन वृत्ती वेगळ्या करून दाखवल्या. दोन्हींचा आपापल्या जागी उपयोग आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरं मिळाली की तो निवांत होतो. टाळणाऱ्यावर माहितीचा भडिमार केला की तो घाबरतो. पण माहिती गोळा करून काही करता येत असेल तोवरच ती ताण कमी करते. रुग्णसंख्येचे आकडे दर तासाला पाहून त्या तासात वेगळं काय करायचं होतं? काहीच नाही. तरीही पाहिलं जायचं, कारण पाहण्याच्या क्रियेतच काहीतरी करत असल्याचा भास होता. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर एलिसन होलमन, डाना गार्फिन आणि रॉक्सेन सिल्व्हर यांनी एक पाहणी केली. स्फोटांनंतरच्या आठवड्यात दिवसाला सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. महासाथीत हाच प्रकार महिनोन्‌महिने चालला. नियंत्रण शोधणारी आणि काळजीकडे झुकणारी माणसं त्यात सर्वांत खोल अडकली.

आता तुमच्या भावाबद्दल. दुरून पाहून मी त्याचं निदान करणार नाही, पण अशा शांतपणाचे निरनिराळे प्रकार मला दिसतात. एक खरा स्वीकार. फ्रेड रॉथबॉम, जॉन वाइझ आणि सॅम्युएल स्नायडर यांनी १९८२ मध्ये मांडलं, की माणूस दोन प्रकारे नियंत्रण मिळवतो: परिस्थिती आपल्याजोगी बदलून, किंवा स्वतःला परिस्थितीजोगं बदलून. दुसऱ्याला ते दुय्यम नियंत्रण म्हणतात. जे बदलत नाही त्याच्याशी मनाने जुळवून घेणं, त्यात अर्थ शोधणं, हेही एक कौशल्य आहे आणि काहींना ते उपजत येतं. दुसरा प्रकार टाळण्याचा: शांतता दिसते, पण विषय काढला की माणूस उठून जातो. त्याची किंमत बहुधा नंतर चुकवावी लागते. ‘सगळं नशिबात असतं’ म्हणत मास्क आणि लस दोन्ही नाकारणाऱ्यांची शांतताही मी पाहिली. ती त्यांच्यासाठी आणि इतरांसाठी धोक्याची होती. तुमचा भाऊ काळजी घेत असेल आणि तरी शांत असेल, तर तो या गटात बसत नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. हॅना लेव्हेन्सन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की ‘बाह्य’ म्हणजे सगळं एकच नसतं. दैवावर भरवसा ठेवणं एक, आणि आपल्यापेक्षा समर्थ माणसांवर भरवसा ठेवणं वेगळं. पुढे आरोग्याच्या क्षेत्रातही हा भेद वापरला गेला, कारण चांगल्या डॉक्टरवर विश्वास टाकणारा रुग्ण हताश असतोच असं नाही. तुमच्या घरातला तो समर्थ माणूस कोण होता? सामान कधी आणायचं, आईवडिलांची औषधं कधी संपतात, कोणाला ताप आला तर कुठल्या खोलीत ठेवायचं, हे सगळं तुम्ही पाहत होतात. भाऊ निश्चिंत राहू शकला याचं एक कारण तुम्ही असण्याची दाट शक्यता आहे. घरातला ताण अनेकदा असाच वाटला जातो: एकजण सगळ्यांची काळजी करतो, म्हणून दुसऱ्याला ती करावी लागत नाही. मग काळजी करणारा ‘चिंतातुर’ ठरतो आणि दुसरा ‘समतोल’. हे दोघांच्या स्वभावाचं वर्णन म्हणून फार अपुरं आहे.

स्वभावाची चर्चा करताना प्रत्यक्ष परिस्थिती विसरली जाते, याचा मला मनापासून राग येतो. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. सर्वांत जास्त झळ स्त्रियांना आणि तरुणांना बसली. त्यांचे स्वभाव एका वर्षात बदलले नव्हते. घरकाम, मुलांचं शिक्षण, आजाऱ्यांची सेवा, बंद पडलेली महाविद्यालयं, गेलेल्या नोकऱ्या यांनी त्यांच्या हातातलं खरोखरीचं नियंत्रण काढून घेतलं होतं. विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवर सामंथा ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या सुरुवातीला घेतलेल्या आढाव्यात त्रासाची कारणं आली ती अशी: लांबलेला कालावधी, अपुरं सामान, अपुरी माहिती, आर्थिक नुकसान, समाजाने ठेवलेला डाग. यातलं बरंचसं चांगल्या व्यवस्थेने कमी करता येण्यासारखं आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाबद्दल हेच मांडलं होतं: मागण्या भरमसाट आणि निर्णयाचं स्वातंत्र्य नगण्य, असं काम माणसाला सर्वांत जास्त पोखरतं. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेची अवस्था नेमकी अशी होती. तिला श्वसनाचे व्यायाम शिकवण्याआधी पुरेशी संरक्षक साधनं, कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक ठरवण्यात आवाज आणि झोपायला वेळ द्यायला हवा होता. नियंत्रणाची भावना वाढवायची असेल, तर ज्याच्याकडे खरं नियंत्रण कमी आहे त्याला आधी ते द्यावं. नुसती भावना शिकवणं अन्यायाचं आहे.

असहाय्यतेबद्दल एक उत्साह वाढवणारी गोष्ट सांगतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की टाळता न येणारे विजेचे धक्के सोसलेले प्राणी, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न करत नाहीत. त्यांनी याला ‘शिकलेली असहाय्यता’ म्हटलं. अनेक वर्षांच्या मेंदूवरच्या संशोधनानंतर, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपलं म्हणणं उलटं फिरवलं. लांबलेल्या त्रासापुढे निष्क्रिय होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘इथे माझं चालतं’ हे. तसा अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो. हे संशोधन मुख्यतः प्राण्यांवरचं आहे. तरी टाळेबंदीच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुन्न होऊन पडून राहिलेल्यांना मी ते आवर्जून सांगत असे, कारण त्यातून दोन गोष्टी कळतात: हे सुन्नपण आळस नव्हे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आपलं चालतं असा लहानसा अनुभव, पुन्हा पुन्हा घेतलेला.

मग करायचं काय? तुमच्यासाठी आणि तुमच्या भावासारख्यांसाठी माझा सल्ला एकसारखा नाही.

तुम्ही निकालाची जबाबदारी खाली ठेवून कृतीची घ्यायला शिकायचं आहे. हे नुसतं मनात ठरवून होत नाही, कागदावर करावं लागतं. अशा वेळी ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे आधी लिहून ठेवा: किती वेळा हात धुवायचे, बाहेरून आल्यावर काय करायचं, कुठलं लक्षण दिसलं की चाचणी. ही यादी विश्वासू डॉक्टरच्या सल्ल्याने करा आणि घाबरलेल्या क्षणी ती वाढवायची नाही असा नियम ठेवा. वाढवायची तर दुसऱ्या दिवशी, शांतपणी. यादी पूर्ण झाली की त्या दिवसाचं तुमचं काम संपलं. उरलेली भीती राहील. ती राहते म्हणजे काहीतरी करायचं राहिलंय असं नव्हे, हे पहिले काही दिवस स्वतःला मुद्दाम सांगावं लागतं. सूझन फोकमन आणि रिचर्ड लाझारस यांनी तोंड देण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक प्रश्नाला हात घालणारा आणि दुसरा भावनांना सांभाळणारा. तुम्ही पहिल्यात तरबेज आहात. दुसरा, म्हणजे बोलणं, रडणं, चालायला जाणं, विश्रांती घेणं, याला तुम्ही वेळ वाया घालवणं समजत असाल, तर तिथूनच सुरुवात करा.

रात्रीच्या काळज्यांसाठी थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली एक साधी पद्धत मी आजही वापरतो. काळजी करण्यासाठी रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास राखून ठेवायचा. एरवी काळजी आली की ती नोंदवायची, त्या वेळेसाठी पुढे ढकलायची आणि हातातल्या कामाकडे परतायचं. शिस्तीच्या माणसांना ही फार लवकर जमते, कारण काळजी थांबवा असं ती सांगत नाही, फक्त तिला वेळापत्रकात बसवते. झोपायच्या जागेत आणि झोपेच्या आधी मात्र तो अर्धा तास ठेवू नका. बातम्यांचंही तसंच: दिवसातून दोनदा, एकाच खात्रीच्या ठिकाणी, आणि मोबाइलवरच्या सूचना बंद.

‘काहीच हातात नाही’ म्हणून बसून राहिलेल्या माणसाला मी यादी देत नाही. त्याला एकच लहान काम देतो, ज्याचा परिणाम त्याच दिवशी डोळ्यांना दिसेल: एक कप्पा आवरणं, एका माणसाला फोन, रोज त्याच वेळी उठणं. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर केलेला अभ्यास मला इथे आठवतो. एका मजल्यावरच्या लोकांना स्वतःची खोली कशी मांडायची, चित्रपट कधी पाहायचा हे ठरवायला सांगितलं आणि एक रोप सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांची निगा कर्मचारी राखत. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक उत्साही आणि तरतरीत आढळली. निवड इतकी लहान असली तरी चालते.

स्वभाव बदलतो का, हेही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. बदलतो, हळू. अँजेलिना सुटिन आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या लोकांचे गुणविशेष महासाथीआधी आणि नंतर तपासले होते. २०२०मध्ये न्यूरोटिसिझम किंचित घटलेलं होतं. २०२१-२२ मध्ये बहिर्मुखता, खुलेपण, जुळवून घेणं आणि कर्तव्यदक्षता यांत छोटी घट दिसली, आणि तरुणांमध्ये ती जास्त ठळक होती. उलट दिशेनेही बदल होतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारांनंतर सर्वांत जास्त सुधारणा भावनिक स्थिरतेत झालेली दिसली. तेव्हा ‘माझा स्वभावच असा’ हे वाक्य पूर्णविराम म्हणून वापरू नका.

तुमची झोप अजूनही परत आलेली नसेल, धडधड चालू असेल, कामावर लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रत्यक्ष भेटून उपचार घ्या. छातीतली धडधड आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. ती ताणाचीच असेल असं गृहीत धरू नका. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबण्याचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी घरच्या एकाला सांगा आणि मदत मिळवा.

आणि संकट नाही अशा या दिवसांतच भावाशी एकदा बसून बोला. त्या वेळी घरात कोण काय पाहत होतं, याची यादी दोघांनी मिळून करा. तिच्यातली निदान दोन कामं, शक्यतो बातम्या पाहून घरच्यांना सांगण्याचं काम पहिलं, पुढच्या वेळी त्याच्याकडे असतील असं ठरवा. तो ती तुमच्या पद्धतीने करणार नाही. मध्ये न पडता त्याला ती करू देणं, हा तुमच्या वाट्याचा सराव. त्यासाठी महासाथीची वाट पाहायची गरज नाही. घरातल्या एखाद्या साध्या जबाबदारीपासून या आठवड्यातच सुरू करता येईल.